उबवणपेटी (प्रयोगशाळा उपकरण)

उबवणपेटी अर्थात इन्क्यूबेटर हे जीवाणू, बुरशी, पेशी इत्यादी सजीवांच्या वाढीसाठी ठरावीक तापमान आणि गरजेनुसार आर्द्रता व वायूंचे प्रमाण दीर्घकाळ स्थिर राखणारे प्रयोगशाळेतील उपकरण आहे. रोगनिदान, अन्न व पाण्याची तपासणी, लसनिर्मिती आणि जीवशास्त्रीय संशोधन या सर्व क्षेत्रांत तिचा उपयोग होतो. अंडी उबवण्याचे यंत्र आणि अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांसाठी वापरली जाणारी काचपेटी ही याच तत्त्वावर चालणारी पण वेगळी उपकरणे असून त्यांचा विचार येथे केलेला नाही.

उबवणपेटी वापरणाऱ्यावर दोन जबाबदाऱ्या असतात. पेटीतील तापमान खरोखर ठरवल्याप्रमाणे आहे याची खात्री करणे ही पहिली आणि आत वाढवलेले जंतू बाहेर पसरू न देणे ही दुसरी. दर्शकावर दिसणाऱ्या अंकांमुळे यांपैकी एकही जबाबदारी आपोआप पार पडत नाही.

इतिहास

कृत्रिम उष्णता देऊन अंडी उबवण्याची भट्टी प्राचीन इजिप्तमध्ये प्रचलित होती. तापमान आपोआप नियंत्रित करणारी उबवणपेटी सतराव्या शतकाच्या आरंभी डच संशोधक कॉर्नेलिस ड्रेबेल यांनी तयार केली. सूक्ष्मजीवशास्त्रात या उपकरणाला महत्त्व आले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयाच्या जीवाणूचा शोध जाहीर केला. हा जीवाणू शरीराच्या तापमानाला आणि अत्यंत मंद गतीने वाढतो. त्यामुळे कॉख यांना गोठवलेल्या रक्तद्रवावरील संवर्ध अनेक दिवस एकाच तापमानात राखावे लागले.

त्या काळी माध्यम घट्ट करण्यासाठी जिलेटिन वापरत असत. परंतु ३७° से. तापमानात ते वितळून जाई. कॉख यांचे सहकारी वाल्टर हेसे यांच्या पत्नी फॅनी हेसे यांनी १८८१ च्या सुमारास स्वयंपाकात वापरले जाणारे आगर सुचवले. आगर सुमारे ८५° से. तापमानाला वितळते आणि एकदा थिजल्यावर उबवणपेटीतही घट्ट राहते. १८८७ मध्ये यूलिउस पेट्री यांनी झाकण असलेली उथळ काचेची तबकडी वापरात आणली. आगर, पेट्री तबकडी आणि उबवणपेटी ही त्रयी आजही जीवाणूसंवर्धनाचा पाया आहे.

रचना व प्रकार

पेटीला दुहेरी भिंती असून त्यांमध्ये उष्णतारोधक थर असतो. तापक घटक, तापमापक संवेदक आणि नियंत्रक हे तिचे मुख्य भाग होत. अनेक पेट्यांना आतून काचेचे दुसरे दार असते, त्यामुळे उष्णता न गमावता आत पाहता येते.

साध्या पेटीत गरम हवा आपोआप वर चढून फिरते. पंखा असलेल्या पेटीत तापमान अधिक समान राहते, परंतु माध्यम लवकर सुकते. जलवेष्टित पेटीत भिंतींमधील पाणी उष्णता साठवून ठेवते. शीतनाची सोय असलेली पेटी भारतात सामान्यतः बीओडी इन्क्यूबेटर या नावाने ओळखली जाते. पाण्याची जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी मोजताना नमुने पूर्वापार २०° से. तापमानात ५ दिवस ठेवले जातात. भारतीय मानकात २७° से. आणि ३ दिवस ही पद्धत आहे. प्राणिपेशींसाठी ३७° से. तापमान, सुमारे ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि भरपूर आर्द्रता राखणारी पेटी लागते.

तापमानाची निवड

मानवात रोग निर्माण करणारे बहुसंख्य जीवाणू ३५ ते ३७° से. तापमानात चांगले वाढतात, पण हा नियम सार्वत्रिक नाही. प्लेगचा जीवाणू माणसाच्या शरीरात वाढत असला तरी माध्यमावर त्याची उत्तम वाढ २८ ते ३०° से. तापमानात होते. १८९६-९७ च्या साथीत वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात प्लेगप्रतिबंधक लस तयार केली, ती द्रव माध्यमात वाढवून उष्णतेने मारलेल्या याच जीवाणूंपासून. बुरशीसाठी सामान्यतः २५ ते ३०° से. तापमान वापरतात. पाण्यातील विष्ठाजन्य कोलिफॉर्म जीवाणू ओळखण्यासाठी ४४.५° से. तापमान लागते.

एक-दोन अंशांच्या फरकाचे महत्त्व प्रतिजैविक संवेदनशीलता चाचणीत स्पष्ट दिसते. मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकोकस ओळखण्याच्या चाचणीत तापमान ३५° से. च्या वर गेल्यास त्याची प्रतिकारक्षमता प्रकट न होण्याची शक्यता असते. अशा वेळी तबकडीवर औषध प्रभावी दिसते, अहवालही तसाच जातो आणि रुग्णाला निरुपयोगी औषध दिले जाते. पेटीच्या दर्शकावर मात्र या काळात ३५ हाच अंक दिसत असू शकतो.

मांडणी

पेटी सपाट, भक्कम आणि न हलणाऱ्या ओट्यावर ठेवावी. थेट ऊन, खिडकी, वातानुकूलन यंत्राचा झोत आणि भट्टी यांपासून ती दूर असावी. हवा खेळण्यासाठी भिंतीपासून अंतर सोडावे आणि मागील झरोके झाकू नयेत. साध्या पेटीत शीतनाची सोय नसते. म्हणून खोलीचे तापमान पेटीच्या अपेक्षित तापमानाहून काही अंश कमी असणे आवश्यक आहे. उन्हाळ्यात खोलीच ३८° से. वर गेली, तर ३५° से. वर लावलेली पेटी ते तापमान राखू शकत नाही.

विद्युतजोडणी अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या स्वतंत्र सॉकेटला करावी. दाब कमी-जास्त होत असल्यास योग्य क्षमतेचा स्टॅबिलायझर बसवावा. फ्यूज गेल्यास त्याच क्षमतेचा फ्यूज घालावा, जाड तार कधीही बांधू नये.

तापमानाची पडताळणी

नवी किंवा दुरुस्त होऊन आलेली पेटी नमुने ठेवण्यापूर्वी किमान २४ तास रिकामी चालवून पाहावी. अंशशोधित तापमापक पाणी किंवा ग्लिसरीन भरलेल्या लहान बाटलीत बुडवून मधल्या फळीवर ठेवावा. दार उघडताच हवेचे तापमान घसरते, तर द्रवाचे तापमान सावकाश बदलते. त्यामुळे बाटलीतील वाचन नमुन्याच्या तापमानाशी अधिक जुळते. पारा विषारी असल्याने पाऱ्याचा तापमापक टाळून अल्कोहोलचा किंवा अंकीय तापमापक वापरावा.

तापमान एका जागी स्थिर राहणे आणि सर्व जागी सारखे असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरी तपासण्यासाठी आठ कोपरे आणि मध्य अशा ९ ठिकाणी तापमान मोजतात. पेटी नमुन्यांनी भरलेली असताना हीच मोजणी पुन्हा करणे उपयुक्त ठरते. दर्शक आणि तापमापक यांत फरक आढळल्यास तो नोंदवून उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे दुरुस्त करावा. अतितापरोधक नियंत्रक असल्यास तो अपेक्षित तापमानाच्या किंचित वर लावावा. मुख्य नियंत्रक बिघडला तर तो तापक बंद करतो.

दैनंदिन वापर

सकाळी दार उघडण्यापूर्वी आणि सायंकाळी काम संपताना तापमापकाचे वाचन घेऊन वेळ व स्वाक्षरीसह वहीत लिहावे. वाचन न घेता जुना आकडा पुढे उतरवण्याची सवय फार घातक आहे. अशा वहीत पेटीचा बिघाड कधीच दिसत नाही.

आगर असलेल्या तबकड्या उलट्या ठेवाव्यात, म्हणजे झाकणावर साचलेले पाणी वसाहतींवर पडत नाही. पाच-सहापेक्षा अधिक तबकड्यांची चळत केल्यास मधल्या तबकड्या उशिरा तापतात. फळ्या खचाखच भरू नयेत आणि त्यांवर कागद अंथरू नये, कारण त्याने हवेचा मार्ग अडतो. प्रत्येक तबकडीच्या तळावर नमुन्याचा क्रमांक व दिनांक लिहावा. झाकणे अदलाबदल होऊ शकतात, म्हणून झाकणावर लिहिणे टाळावे. पेटीत खाद्यपदार्थ कधीही ठेवू नयेत.

धोके व दक्षता

उबवणपेटी ही जंतू कोंडून ठेवणारी सुरक्षा व्यवस्था नव्हे. दार उघडल्यावर आतील हवा खोलीत येते. क्षय किंवा ब्रुसेलोसिस यांसारख्या हवेतून संसर्ग होऊ शकणाऱ्या रोगांचे संवर्ध केवळ जैवसुरक्षा कपाटातच उघडावेत. वाढ ओळखण्यासाठी तबकडीचा वास घेणे पूर्णपणे टाळावे. पेटीवर जैविक धोक्याचे चिन्ह आणि जबाबदार व्यक्तीचे नाव लावावे.

ईथर, ॲसिटोन, अल्कोहोल यांसारखे ज्वालाग्राही द्रव किंवा त्यांनी भिजलेली वस्तू पेटीत ठेवू नये. बंद जागेत बाष्प साचते आणि विद्युत ठिणगीने स्फोट होऊ शकतो. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर साखळीने भिंतीला बांधावा. हा वायू हवेहून जड, रंगहीन आणि गंधहीन असल्याने गळती लक्षात येत नाही आणि बंद खोलीत जीव गुदमरू शकतो. खोलीत हवा खेळती असावी आणि शक्य तेथे वायुसूचक यंत्र बसवावे.

स्वच्छता आणि विल्हेवाट

स्वच्छतेपूर्वी पेटी बंद करून प्लग काढावा. फळ्या बाहेर काढून सौम्य साबणाने धुवाव्यात आणि जंतुनाशकाने पुसाव्यात. ७० टक्के अल्कोहोल वापरल्यास ते पूर्ण उडून गेल्यावरच पेटी पुन्हा सुरू करावी. आर्द्रतेसाठी ठेवलेल्या तसराळ्यातील पाणी निर्जंतुक ऊर्ध्वपातित असावे आणि ते नियमित बदलावे, अन्यथा त्यातच बुरशी वाढते.

आत संवर्ध सांडल्यास हातमोजे घालून त्यावर शोषक कागद टाकावा, तो सोडियम हायपोक्लोराइटच्या ताज्या द्रावणाने भिजवावा आणि जंतुनाशकाला क्रिया करण्यास पुरेसा अवधी द्यावा. फुटलेली काच चिमट्याने उचलावी. नंतर पृष्ठभाग पाण्याने पुसावा, कारण क्लोरीनमुळे स्टेनलेस पोलादालाही खड्डे पडतात. वापरलेले सर्व संवर्ध टाकण्यापूर्वी ऑटोक्लेव्हमध्ये १२१° से. तापमानात निर्जंतुक करावेत. भारतात जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार सूक्ष्मजीवशास्त्रीय कचऱ्यावर तो निर्माण झाला त्याच ठिकाणी पूर्वप्रक्रिया करणे बंधनकारक आहे.

वीजपुरवठा खंडित झाल्यास

वीज गेल्यास दार उघडू नये, बंद पेटीत उष्णता बराच काळ टिकते. वीज गेल्याची व आल्याची वेळ आणि त्या वेळचे तापमान नोंदवावे. जीवाणूंची संवेदनशीलता चाचणी १६ ते १८ तासांत वाचली जाते, तिच्या दरम्यान तापमान बरेच घसरले असल्यास चाचणी पुन्हा करणे योग्य. क्षयाचा घन माध्यमावरील संवर्ध मात्र ८ आठवड्यांपर्यंत ठेवावा लागतो. इतका काळ वाट पाहून हाती आलेला निष्कर्ष वाया जाऊ नये, यासाठी अशा पेटीला पर्यायी वीजव्यवस्था असणे आवश्यक आहे.

शालेय प्रयोगशाळेत

शाळेत जीवाणू वाढवण्याचे प्रयोग ३७° से. तापमानात करू नयेत. या तापमानात मानवी शरीराला अनुकूल असलेले, म्हणजेच संभाव्य रोगकारक जीवाणू निवडून वाढवले जातात. हात, नाणे किंवा दाराची कडी यांवरून घेतलेल्या नमुन्यात काय असेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून ३०° से. पेक्षा कमी तापमान वापरावे. तबकडीचे झाकण चिकटपट्टीच्या दोन-चार तुकड्यांनी पक्के करावे. कड संपूर्ण बंद केल्यास आत ऑक्सिजनविरहित वातावरण तयार होऊन घातक जीवाणू वाढू शकतात. वाढ झाल्यावर विद्यार्थ्यांनी तबकडी न उघडता बाहेरूनच निरीक्षण करावे आणि शिक्षकांनी ती निर्जंतुक करूनच टाकावी. ज्या शाळेत निर्जंतुक करण्याची सोय नाही, तेथे हा प्रयोग न करता विरजणातील जीवाणूंचे सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण करणे हा सुरक्षित पर्याय आहे.