सुभेदारांची पेन्शन

२ फेब्रुवारी १९१३. याच दिवशी मुंबईत एका पेन्शनर सुभेदाराने शेवटचा श्वास घेतला. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांची ओळख आपण नुसती 'बाबासाहेबांचे वडील' अशी करून देतो आणि पुढे जातो. पण त्या सैनिकाचे आयुष्य प्रत्येक कष्टकरी बापाने वाचावे असे आहे.

मूळ गाव कोकणातले आंबवडे. वडील मालोजीही फौजेत होते. त्या काळी फौजेत सैनिकांना व त्यांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे होते. ज्यांना गावच्या शाळेची पायरी बंद, त्यांना पलटणीने अक्षर दिले. रामजींनी पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षकाचे शिक्षण घेतले आणि लष्करी शाळेत चौदा वर्षे हेडमास्तरकी केली. महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांचे चौदावे अपत्य, भीमराव, जन्माला आले.

पुढे सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. ज्या दाराने आपण माणसात आलो तेच दार मिटले, हे सुभेदारांना सहन झाले नाही. भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्जविनंत्या करणाऱ्यांत ते पुढे होते. महार रेजिमेंट उभी राहायला मात्र १९४१ साल उजाडले.

निवृत्तीनंतर पेन्शन दरमहा ५० रुपये. एवढ्यात मोठे कुटुंब. सुभेदार घरी बसले नाहीत. खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी कामावर तलाव खोदला जात होता, तेथे त्यांनी खजिनदाराची नोकरी धरली. नंतर मुलांच्या शिक्षणासाठी मुंबईत परळच्या डबक चाळीत एका खोलीत बिऱ्हाड थाटले.

भीमरावांना पुस्तकांचे वेड. खिशात पैसे नसले की सुभेदार लग्न झालेल्या लेकीकडे जात, तिचा दागिना मागून आणत, गहाण टाकत आणि पुस्तक घेऊन येत. पेन्शन झाली की दागिना सोडवून लेकीला परत! रात्री दोन वाजता मुलाला अभ्यासाला उठवायचे हेही त्यांनीच करायचे. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, १९१२ साली बी.ए.

बडोद्याच्या नोकरीत असताना वडील आजारी असल्याची तार आली. परतताना वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून भीमराव सुरत स्टेशनवर उतरले आणि गाडी सुटली. दुसऱ्या दिवशी घरी पोहोचले तेव्हा सुभेदारांचे डोळे त्यांचीच वाट पाहत होते. लेकाच्या पाठीवरून थरथरता हात फिरला आणि प्राण गेला. त्याच वर्षी जुलैत भीमराव अमेरिकेत पोहोचले. ते पाहायला सुभेदार नव्हते.

बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी कितीतरी घरांत आजोबा-पणजोबांची लोखंडी पेटी, जुनी पदके, पेन्शनचे पुस्तक असेल. ते भंगारात घालू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा, पलटणीची, छावणीची हकिकत विचारा आणि मुलांकडून वहीत उतरवून घ्या. आणि पगाराच्या दिवशी घरखर्चाचा हिशेब मांडताना पहिली ओळ मुलांच्या पुस्तकांची लिहा. सुभेदारांना हेच खरे अभिवादन.

जयभीम!