मोटारींतील गाणें मध्येंच कां थांबतें?

अहिल्यानगराहून छत्रपति संभाजीनगराकडे जाणाऱ्या सडकेवर, नेवासें तालुक्यांत, घोडेगांव म्हणून गांव आहे. घोडेश्वरी देवीचें ठाणें म्हणून व जनावरांच्या आठवड्याच्या बाजाराकरितां हें गांव पंचक्रोशींत सर्वांस ठाऊक आहे. शनिशिंगणापुरास जाणारा फांटाही येथूनच फुटतो. त्यामुळें यात्रेकरूंच्या मोटारी, जनावरें घेऊन येणारे टेंपो आणि टपावर कर्णे बांधलेल्या जीपा यांची येथें सतत ये-जा असते. यांपैकीं बहुतेक वाहनांत आज गाण्याची सोय असते, आणि ज्यांचें नुसत्या सोयीनें समाधान होत नाहीं, ते डिकींत किंवा आसनाखालीं एक निराळा ॲम्प्लिफायर, म्हणजे ध्वनिवर्धक, बसवून घेतात.

या यंत्रासंबंधीं एक तक्रार सार्वत्रिक आहे. गाडी गांवांतून हळू चालली असतां अभंग उत्तम वाजत असतो. सडकेस लागल्यावर आवाज थोडा वाढवावा, पखवाजाची थाप जरा घुमूं लागावी, तोंच सारें सामसूम! कांहीं वेळानें, कोणीं हात न लावतां, यंत्र पुन्हां सुरू होतें आणि थोडें पुढें गेल्यावर पुन्हां मुकें होतें. घरांतील वडील मंडळी म्हणतात, 'यंत्र बिघडलें, दुसरें आणा'. धाकटी मंडळी म्हणतात, 'फ्यूज लहान असेल, मोठा घाला'. या दोन सल्ल्यांपैकीं पहिला बहुधा व्यर्थ खर्चाचा असतो, आणि दुसरा प्रसंगीं जिवावर बेतणारा. तिसरी वाट शहाणपणाची आहे. तिचेंच विवेचन येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मौन हें दुखणें नव्हे, लक्षण होय

ध्वनिवर्धकाचें काम थोडक्यांत असें. स्टीरिओंतून येणारा विजेचा क्षीण संकेत तो घेतो आणि बॅटरीच्या शक्तीनें त्याचें बळ वाढवून स्पीकरांस देतो. हें बळ वाढविणारा मुख्य घटक म्हणजे ट्रान्झिस्टर. १९४७ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत बार्डीन व ब्रॅटन यांनीं तो प्रथम करून दाखविला. शॉक्ली यांच्यासह या तिघांस १९५६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आजचे ट्रान्झिस्टर सिलिकॉनचे असतात. ते कणखर खरे, परंतु अति उष्णता किंवा अति प्रवाह यांपुढें क्षणांत जळून जातात.

म्हणून कारखानदार यंत्राच्या पोटांतच एक रक्षक बसवितात. आंतील उष्णता, स्पीकरांकडे जाणारा प्रवाह आणि बॅटरीकडून मिळणारा दाब या तिहींवर त्याची नजर असते. यांपैकीं एकानेंही मर्यादा ओलांडली कीं तो यंत्र बंद करतो व बहुधा तांबडा दिवा लावतो. शेजारचें शिंगणापूर घरांस दारें न लावण्याच्या परंपरेकरितां प्रसिद्ध आहे. पण तेथें दाराची उणीव शनिदेवाच्या धाकानें भरून निघते, अशी भाविकांची श्रद्धा. यंत्राच्या पदरीं असा धाक नसल्यामुळें त्याला स्वतःचा द्वारपाल ठेवावा लागतो इतकेंच! तेव्हां जें यंत्र थांबतें तें बिघडलेलेंच असतें असें नव्हे. अनेकदां तें शाबूत असल्यामुळेंच थांबतें, आणि दोष दुसरीकडे असतो.

निदानाची रीत

आमच्या वैद्यकांत रोग ओळखण्याचीं जीं पांच साधनें सांगितलीं आहेत, त्यांत 'उपशय' हें एक आहे. कोणत्या उपायानें आराम पडतो हें पाहून रोग ताडावयाचा, असा त्याचा भाव. नैयायिकांची अन्वय-व्यतिरेकाची रीतही हेंच शिकविते: कारण असतां कार्य होतें आणि कारण काढून घेतां कार्य होत नाहीं, हें दोन्ही दिसल्यावांचून संबंध सिद्ध झाला असें मानूं नये. एकाच दुपारीं तार बदलली, फ्यूज बदलला, स्पीकरही बदलले आणि यंत्र चालूं लागलें, तर गुण कशानें आला हें कळावें कसें? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गांठ पडली असेंही असूं शकेल. म्हणून एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, व प्रत्येक वेळीं काय घडलें तें वहींत टिपावें.

हत्यार एकच लागतें, तें म्हणजे मल्टिमीटर. साधा मल्टिमीटर कांहीं शें रुपयांत मिळतो, आणि ज्या घरांत दहावीची विद्यार्थिनी किंवा विद्यार्थी आहे, तेथें तो वापरण्यास लागणारें ज्ञानही घरचेंच असतें. जर्मन शास्त्रज्ञ ओम यांनीं १८२७ सालीं मांडलेला जो नियम मुलें पाठ करतात, त्याचाच हा प्रयोग आहे.

आरंभीं एवढें पाहावें: यंत्र थांबतें तेव्हां त्याचे सर्व दिवे विझतात, कीं तांबडा दिवा लागतो? सर्व विझत असतील तर वीज पोंचत नाहीं असें समजावें. तांबडा लागत असेल तर रक्षकानें काम केलें आहे, व त्याचें कारण शोधावयाचें आहे. मात्र दाब कमी पडल्यास कांहीं यंत्रें पहिल्या प्रकारें व कांहीं दुसऱ्या प्रकारें वागतात. म्हणून दोन्ही प्रसंगीं विजेची तपासणी आधीं करावी.

पहिला संशयित: विजेची वाट

विहिरीला पाणी भरपूर असून पाट फुटका असला, तर शेवटचा वाफा कोरडाच राहतो. मोटारींतही तसेंच होतें. भरलेल्या बॅटरीचा दाब विश्रांतींत सुमारें १२.६ व्होल्ट असतो. इंजिन चालू असतां अल्टरनेटरमुळें तो साधारणतः १३.५ ते १४.५ पर्यंत चढतो. अनेक ध्वनिवर्धक दहा-अकरा व्होल्टांच्या खालीं काम करण्याचें नाकारतात.

आतां हिशेब पाहा. समजा, ध्वनिवर्धकानें स्पीकरांस ४०० वॅट शक्ति दिली. कांहीं शक्ति उष्णतेंत जाणारच. शंभरांतील ऐंशी भाग कामीं येतात असें धरलें, तर बॅटरीकडून ५०० वॅट घ्यावे लागतात. घरांतील २३० व्होल्टांच्या विजेवर एवढ्या शक्तीस दोन अँपिअरांहून किंचित् अधिक प्रवाह पुरतो, १२.५ व्होल्टांच्या बॅटरीवर मात्र तब्बल ४० अँपिअर लागतात. वाटेंत एखादा गंजलेला सांधा असेल व त्याचा रोध ओमचा केवळ विसावा भाग असेल, तरी ४० अँपिअरांना तेथें दोन व्होल्ट खर्चीं पडतात. बॅटरीपाशीं साडेबारा, पण यंत्रापाशीं साडेदहाच! हळू आवाजांत प्रवाह थोडा, म्हणून तोटाही थोडा. थाप पडतांच प्रवाह वाढतो, दाब कोसळतो व यंत्र गप्प होतें. आवाज वाढवितांच गाणें कां थांबतें, याचें एक उत्तर हें आहे.

यास्तव दाब बॅटरीवर न मोजतां, गाणें मोठ्यानें चालू असतां, ध्वनिवर्धकाच्या टोकांवर मोजावा. मग मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकास व दुसरी ध्वनिवर्धकाच्या अर्थच्या टोकास लावावी. अर्ध्या व्होल्टाहून अधिक आंकडा दिसला, तर दोष अर्थच्या जोडणींत आहे असें निःशंक समजावें. आमच्या मतें हाच दोष सर्वांत अधिक आढळणारा, सर्वांत कमी खर्चाचा, आणि दुर्दैवानें सर्वांत शेवटीं पाहिला जाणारा आहे. रंग दिलेल्या पत्र्यावर स्क्रूनें तार आवळली म्हणजे अर्थ झाला असें नव्हे. पत्र्यावरील रंग पूर्ण खरवडून, लखलखीत धातूवर, थिंबल लावलेली आंखूड तार बोल्टानें घट्ट बसवावी. तिची जाडी धन बाजूच्या तारेहून कमी नसावी.

याच वेळीं रिमोटची बारीक तार पाहावी. स्टीरिओ सुरू झाल्याचा निरोप ध्वनिवर्धकास हीच देते. गाडी खड्ड्यांतून गेली असतां यंत्र बंद पडत असेल, तर ही तार किंवा फ्यूजची बैठक सैल असण्याचा संभव मोठा.

दुसरा संशयित: स्पीकरांचा भार

प्रत्येक स्पीकरास ओमांत मोजला जाणारा ठराविक रोध असतो. मोटारींतील बहुतेक स्पीकर ४ ओमचे असतात. असे दोन स्पीकर एकाच वाहिनीस समांतर जोडले कीं एकूण रोध २ ओम होतो व प्रवाह दुप्पट मागितला जातो. यंत्र जर ४ ओमाच्या खालीं चालण्यास केलेलेंच नसेल, तर दोघांचा स्वयंपाक चौघांस वाढल्यासारखें होतें. दोन वाहिन्या एकत्र करून एक मोठा वूफर चालविणारे गृहस्थ हीच चूक सहज करतात; यंत्राबरोबरच्या पुस्तिकेंत किमान रोध छापलेला असतो, तो अवश्य वाचावा.

दुसरा प्रकार याहून लपलेला. दाराच्या बिजागरीपाशीं तारेचें वेष्टण घासून उघडें पडतें व तार पत्र्यास टेंकते. परीक्षा सोपी आहे. यंत्र बंद करून स्पीकरांच्या सर्व तारा सोडवाव्यात व मग यंत्र सुरू करावें. तांबडा दिवा न लागतां तें चालू राहिलें, तर दोष स्पीकरांकडे आहे. मग प्रत्येक वेळीं यंत्र बंद करून एकेक जोडी परत लावीत जावें. ज्या जोडीबरोबर दिवा तांबडा होईल तीच दोषी. अन्वय-व्यतिरेक तो हाच!

तिसरा संशयित: उष्णता

वैशाखांत आमच्या या भागांत पारा चाळीस अंशांवर जातो, आणि उन्हांत उभ्या केलेल्या बंद गाडींत त्याहूनही पुष्कळ वर. अशा गाडींत, सतरंजीखालीं किंवा सामानाच्या गठड्यांत दडपलेल्या ध्वनिवर्धकानें आपली उष्णता टाकावी कोठें? त्याच्या पाठीवरील धातूचीं पातीं शोभेकरितां नसून वाऱ्याकरितां असतात. यंत्र दहा-वीस मिनिटें नीट चालून थांबत असेल, कवचास हात लावल्यास चटका बसत असेल, आणि थंड झाल्यावर तें आपोआप सुरू होत असेल, तर निदान झालें. त्याच्या सभोंवार चार बोटें मोकळी जागा ठेवावी.

तरीही न भागल्यास 'गेन'ची कळ पाहावी. ही कळ आवाज वाढविण्याची आहे असा समज सर्वत्र आहे, परंतु तो खरा नव्हे. स्टीरिओचा संकेत व ध्वनिवर्धक यांचा मेळ बसविण्यापुरती ती असते. ती कमाल मर्यादेवर ठेवल्यास ध्वनीच्या लाटांचे माथे कापले जातात, गाणें कर्कश होतें, आणि यंत्र व स्पीकर दोन्ही व्यर्थ तापतात.

फ्यूज मोठा करूं नये

फ्यूज ध्वनिवर्धकाच्या रक्षणाकरितां असतो ही समजूत अपुरी आहे. बॅटरीजवळील मुख्य फ्यूज हा तारेच्या, आणि पर्यायानें गाडींत बसलेल्या माणसांच्या रक्षणाकरितां असतो. मोटारीच्या बॅटरीचीं टोकें एकमेकांस भिडल्यास ती शेंकडों अँपिअर प्रवाह सोडूं शकते. तेवढ्यानें तार लाल होते, वेष्टण पेट घेतें, आणि ती तार तर बोनेटपासून डिकीपर्यंत आसनांखालून, मुलांच्या पायांखालून गेलेली असते. म्हणून हा फ्यूज बॅटरीपासून सुमारें ४५ सेंटिमीटरांच्या आंत असावा, तारेस झेपेल त्याहून मोठा नसावा, आणि पत्र्यांतून तार जेथें पलीकडे जाते तेथें रबराची चकती असावी. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यावर चांदी गुंडाळणें म्हणजे पहारेकऱ्यास अफू घालून निजविणें होय. जोडणीस हात घालण्यापूर्वीं बॅटरीची ऋण तार सोडावी, हा नियम घरांतील सर्वांस सांगून ठेवावा.

मिस्त्रीकडे केव्हां जावें?

यंत्रापाशीं दाब पुरेसा आहे, स्पीकर व स्टीरिओच्या सर्व तारा सोडविल्या आहेत, यंत्र थंड आहे, आणि तरीही तांबडा दिवा जात नाहीं, तरच दोष पोटांत आहे असें म्हणावें. बहुधा एखादा ट्रान्झिस्टर गेलेला असतो. अशा वेळीं कवच स्वतः उघडूं नये. जाणत्या कारागिराकडे जावें व आपली वही त्याच्यापुढें ठेवावी. 'बंद पडतो हो' एवढेंच सांगणाऱ्या गिऱ्हाइकास नवें यंत्र विकणें सोपें असतें. 'अर्थवर व्होल्ट जात नाहीं, स्पीकर सोडूनही दिवा तांबडाच राहतो' असें सांगणाऱ्यास तें सहसा कोणी सुचवीत नाहीं. पुष्कळ वेळां कांहीं रुपयांच्या थिंबलनें व कानसीच्या चार फटकाऱ्यांनीं जें काम होतें, त्याकरितां हजारों रुपये मोजण्याचें कारण नाहीं.

यंत्र नीट झाल्यावर त्याचा उपयोग किती करावा, हा विवेकाचा प्रश्न आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनीं रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत उघड्यावर ध्वनिवर्धक वाजविण्यास सामान्यतः मनाई केली आहे. पण कायदा नसता तरी सडकेकडेच्या घरांत निजलेलें पोर व दुखणाईत माणूस यांची आठवण सुजाणास राहिलीच पाहिजे. आणि एवढें करूनही यंत्र पुन्हां थांबलें, तर त्यास दोष देण्यापूर्वीं मल्टिमीटर घ्यावा, व पहिली तार अर्थच्या बोल्टास लावावी.