यूव्ही प्रिंटर घेताय? आगाऊ रक्कम देण्याआधी हे तपासा

पनवेल, कामोठे, खारघर परिसरात भेटवस्तूंचे किंवा फ्लेक्सचे दुकान चालवणाऱ्याला यूव्ही प्रिंटर हा जोडधंदा म्हणून खुणावतो. मोबाइल कव्हर, नेमप्लेट, ट्रॉफी, बाटली अशा अनेक वस्तूंवर तो थेट छापतो. मात्र मशीन बंद पडले तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही. त्यामुळे निवड चुकू नये.

हे मशीन चालते कसे?
शाईचे थेंब वस्तूवर पडताच अतिनील किरणांचा एलईडी दिवा त्यांना घट्ट करतो. छापलेली वस्तू लगेच हाताळता येते.

आकार किती हवा?
ए३ म्हणजे २९७ बाय ४२० मिलिमीटर. कव्हर, किचेन, लहान नेमप्लेटसाठी तो पुरतो. वस्तूची किती उंची चालते, हेही विचारा; ट्रॉफी तिथेच अडते. गोल बाटलीसाठी ती फिरवणारे रोटरी उपकरण लागते. ते किमतीत धरले आहे का, हे लेखी घ्या.

पांढरी शाई महत्त्वाची का?
रंगीत शाई पारदर्शक असते. काळ्या कव्हरवर खाली पांढरा थर नसेल तर फोटो दिसतच नाही. या शाईतील टायटॅनियम डायऑक्साइड जड असल्याने तळाशी बसतो आणि हेड तुंबते. म्हणून शाई ढवळणारी व फिरती ठेवणारी सोय हवीच. मशीन आठवडाभर बंद ठेवणेही महागात पडते.

चाचणी कशी घ्यावी?
विक्रेत्याचा नमुना पाहून भुलू नका. तुम्ही विकणार त्याच वस्तू सोबत न्या. छापल्यावर २४ तासांनी नखाने खरवडा, चिकटपट्टी लावून ओढा. काच, धातू, सिरॅमिकवर आधी प्रायमर लावावा लागतो. त्याचा खर्चही दरात धरा.

आणखी काय विचारावे?
हेड कोणत्या कंपनीचे, नवे केवढ्याला, वॉरंटीत ते येते का? दुरुस्तीला माणूस किती दिवसांत येणार? पावसाळ्यात वीज जाते, म्हणून यूपीएसचा खर्चही जोडा.

काळजी काय?
ओली शाई त्वचेला घातक असते. हातमोजे वापरा, खोलीत हवा खेळती ठेवा, दिव्याकडे पाहू नका. अन्न किंवा ओठ लागतील त्या भागावर छापू नका.

कर्ज कुठे मिळेल?
मुद्रा योजनेच्या ‘किशोर’ गटात ५० हजार ते ५ लाख रुपयांचे कर्ज तारणाशिवाय मिळू शकते. अर्ज करण्यापूर्वी महिन्याला किती वस्तू विकल्या तर हप्ता निघेल, हा हिशेब कागदावर मांडा. तो जुळला, तरच मशीन घ्या.