खुर्चीपायी मैदान

४ जुलै २०२४ ची रात्र. विश्वचषक जिंकून आलेल्या आपल्या क्रिकेटवीरांची मिरवणूक त्या संध्याकाळी नरिमन पॉइंटहून वानखेडे स्टेडियमकडे निघाली होती आणि आमची नात मुक्ता ती पाहायला दुपारीच घराबाहेर पडली होती. साडेदहाला स्वारी परत आली ती एका पायात चप्पल आणि दुसरा पाय अनवाणी अशा थाटात. केस चिंब, आवाज बसलेला. आमच्या सौभाग्यवतींनी आधी टॉवेल दिला आणि मग यथेच्छ तोंडसुख घेतले. मुक्ताला त्याचे काही नव्हते. तिची तक्रार वेगळीच होती.

"आजोबा, फुकट प्रवेश होता, पण आम्ही पोहोचलो तेव्हा दरवाजे बंद झालेले! जागाच नाही आत. पाडून टाकायला हवं ते वानखेडे. लाखभर माणसं मावतील असं नवं बांधायला हवं."

पुढे वर्तमानपत्रांतही तीच भाषा आली. लाख प्रेक्षकांचे स्टेडियम, त्यासाठी भिवंडी तालुक्यातल्या आमणे गावची जागा, वगैरे. मी पंचाहत्तरी ओलांडलेला गिरगावकर. आमच्या चाळीच्या पुनर्विकासाच्या सभांना गेली पंधरा वर्षे हजर आहे, त्यामुळे "पाडून नवे बांधू" हे शब्द कानांवर पडले की माझा हात आपोआप खिशाकडे जातो. शिवाय मुंबईने मोठ्या क्रिकेटसाठी एक मैदान सोडून दुसरे उभारल्याची कथा मला ठाऊक आहे. तिचा उत्तरार्ध तर मी तिकीट काढून पाहिला आहे!

भारतातला पहिला कसोटी सामना १९३३ च्या डिसेंबरात बाँबे जिमखान्यावर झाला. लाला अमरनाथ यांनी तिथे पदार्पणातच ११८ धावा काढल्या. पण तिथे प्रेक्षकांसाठी कायमची पक्की सोय नव्हती. म्हणजे क्रीडांगणाची गरज खरीच होती. त्याच वर्षी स्थापन झालेल्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या अँथनी डिमेलो यांनी गव्हर्नर लॉर्ड ब्रेबर्न यांना गाठले आणि सरकारसाठी पैसा हवा की स्वतःसाठी अमरत्व, असे विचारले, अशी कथा आहे. लाटसाहेबांनी अमरत्व पसंत केले. बॅकबेच्या भरावावरची नव्वद हजार चौरस यार्ड जागा क्लबाला साडेतेरा रुपये यार्डाने मिळाली. हिशेब केलात तर बारा लाख पंधरा हजार! आज तेवढ्यात त्या भागात मोटार ठेवायला जागा मिळाली तरी पेढे वाटावेत. ७ डिसेंबर १९३७ रोजी ब्रेबर्न स्टेडियमचे उद्घाटन झाले.

आणि पहिल्याच वर्षी भांडण! पंचरंगी सामन्यांत हिंदू जिमखान्याला खुर्च्या पुरेशा मिळेनात, म्हणून हिंदूंचा संघ स्पर्धेतून बाहेर पडला. वास्तू नवी कोरी होती. वाद होता तो तिच्यातल्या खुर्च्यांचा. हा वाद ध्यानात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

मला अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ब्रेबर्नवर पहिल्यांदा नेले ते १९६० च्या जानेवारीत, ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सामन्याला. मी अकरा वर्षांचा होतो. ईस्ट स्टँडमध्ये बसलो होतो. आईने डब्यात पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी दिली होती आणि अण्णा दर षटकानंतर डब्याकडे पाहत होते. चहापानासाठी अब्बास अली बेग परतत असताना एक तरुणी धावत मैदानात गेली आणि तिने त्यांचे चुंबन घेतले. अण्णांनी तत्काळ माझ्या डोळ्यांवर हात ठेवला. बोटांच्या फटीतून मला सगळे दिसले, हे त्यांना मी शेवटपर्यंत सांगितले नाही.

१९७३ च्या फेब्रुवारीत मी नोकरीला लागलो होतो. इंग्लंडविरुद्ध विश्वनाथने शतक पुरे केले आणि साडेसहा फुटांच्या टोनी ग्रेगने त्याला तान्ह्या बाळासारखे कडेवर घेतले. सारे स्टेडियम हसत होते. त्यानंतर तिथे तब्बल छत्तीस वर्षे कसोटी होणार नाही, असे कुणी सांगितले असते तर त्याला आम्ही वेड्यात काढले असते.

ब्रेबर्न काही मोडकळीस आले नव्हते. मग दुसरे स्टेडियम कशाला? खुर्च्यांसाठी! मैदान क्लबाचे, तिथे क्लबाच्या सभासदांचा मान पहिला. शहराचे क्रिकेट चालवणारी बाँबे क्रिकेट असोसिएशन मात्र तिथे भाडेकरू. तिच्याशी संलग्न छोट्या छोट्या क्लबांच्या वाट्याला मोजक्या जागा येत. क्लबाचे अध्यक्ष विजय मर्चंट आणि असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे. दोघेही आपल्या शब्दाचे पक्के. वानखेडे तेव्हा विधानसभेचे अध्यक्ष होते. बोलणी फिसकटली आणि चर्चगेट स्टेशनापलीकडे, ब्रेबर्नपासून पायी दहा-पंधरा मिनिटांवर, नवे स्टेडियम उभे राहू लागले.

लोक हसले. अण्णा तर संतापले. "अरे, एका गल्लीत दोन देवळं! घंटा तरी किती वाजवणार?" असे ते म्हणत. मला मात्र त्या भाडेकरूची बाजू पटत होती. आम्हीही पागडीच्या दोन खोल्यांत राहणारी माणसे. सुमारे तेरा महिन्यांत काम झाले आणि १९७५ च्या जानेवारीत वेस्ट इंडीजविरुद्ध तिथे पहिली कसोटी झाली. क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा कुटल्या. त्याच्या द्विशतकानंतर अभिनंदनासाठी आत धावलेल्या एका मुलाला पोलिसांनी मारले आणि प्रेक्षक खवळले, खेळ थांबला. अण्णा घरी रेडिओपाशी होते. मी परतल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "खुर्ची तरी मिळाली का?" मिळाली होती. पाठीला टेकू नसलेली, पण माझ्या पगारात बसणारी.

आता पुढचे पाहा. २०११ च्या विश्वचषकासाठी वानखेडेच्या उत्तर-दक्षिण बाजूंचे स्टँड पाडून नवे बांधण्यात आले. म्हणजे उणीपुरी पस्तीस वर्षेही त्यांच्या वाट्याला आली नाहीत. आणि हे काम चालू असताना, २००९ च्या डिसेंबरात, श्रीलंकेविरुद्धची कसोटी कुठे झाली? ब्रेबर्नवर! सेहवागने २९३ धावा काढल्या त्या म्हाताऱ्या मैदानावर. अण्णा असते तर चाळभर साखर वाटली असती.

नवे वानखेडे देखणे झाले, हे कबूल करायला हवे. डोक्यावर पांढरेशुभ्र छत, बसायला स्वतंत्र खुर्च्या. पण माणूस ऐसपैस बसला की माणसे कमी मावतात. पूर्वी पंचेचाळीस हजारांच्या आसपास मावत, आता तेहेतीस हजार. २ एप्रिल २०११ च्या अंतिम सामन्याला त्यांतली सर्वसामान्यांसाठी विक्रीला किती होती म्हणाल? सुमारे चार हजार! बाकीची मुख्यतः आंतरराष्ट्रीय मंडळाची आणि संलग्न क्लबांची. ज्या खुर्च्यांसाठी मैदान बांधले, त्या क्लबांना मिळाल्या. शब्द पाळला गेला. पण क्लबाबाहेरच्या माणसाने ब्रेबर्नवर रांग लावली काय किंवा वानखेडेवर काय, त्याची जागा रांगेतच. धोनीचा तो षटकार मी घरच्या खुर्चीतून पाहिला. तिला हात होते.

माझा भाचा अमेरिकेत सिअ‍ॅटलला असतो. त्याला मी हे फोनवर सांगितले तर तो म्हणाला, "मामा, आमच्याकडची ऐका." तिथे १९७६ साली किंगडोम नावाचे प्रचंड घुमटाचे स्टेडियम झाले आणि २००० साली सुरुंग लावून पाडले गेले. चोवीस वर्षांचे आयुष्य! पण बांधकाम-दुरुस्तीच्या रोख्यांचे कर्ज फिटायला २०१५ उजाडले. पंधरा वर्षे लोक न उरलेल्या इमारतीचे हप्ते भरत होते. अहमदाबादचे मोटेरा १९८३ चे. २०१५ मध्ये पाडले, २०२० पर्यंत सुमारे आठशे कोटींत एक लाख बत्तीस हजार लोकांचे नवे झाले. आयपीएलमध्ये एका संघाचे घरच्या मैदानावर सात साखळी सामने. बाकीचे दिवस त्या लाखभर खुर्च्या कोण पुसतो आणि कोणाच्या खर्चाने, हे कुणी विचारत नाही.

हे सगळे मी मुक्ताला सांगितले. ती निमूट ऐकत होती. निम्मे ऐकत होती म्हणा, बोटे फोनवर होतीच.

"पण आजोबा, लाख जागा झाल्या तर एखादी मला मिळेलच ना?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. १९७५ साली हाच हिशेब मांडून मी अण्णांशी वाद घातला होता. माझ्या बाबतीत तो काही वर्षे तरी खरा ठरला होता.

"मिळेल," मी म्हटले. "पण वानखेडेला चर्चगेटवर उतरून चालत जाता येतं. आमण्याचा सामना रात्री साडेअकराला संपला, तर गिरगावात परत यायला गाडी कुठली?"

ती फोनमध्ये शोधू लागली. आतून सौभाग्यवतींचा आवाज आला, "अहो, तिला आधी जेवू द्या. आणि मुक्ता, दुसरी चप्पल कुठाय?"