बालकांतील खुब्याचा अस्थिनाश आणि त्यानंतरची शस्त्रकर्मे

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात आजारी बालकाची पहिली गाठ पुष्कळदा आपल्यापैकीच एखाद्या वैद्याशी पडते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांतही आयुष वैद्यकीय अधिकारीच शाळा व अंगणवाड्यांतून तपासणी करतात. यास्तव लंगडणाऱ्या मुलाचा विषय केवळ शल्यतज्ज्ञांचा समजून आपण दूर ठेवू नये, असे आम्हास वाटते.

चार ते आठ वर्षांचे मूल, बहुधा मुलगा, काही आठवडे लंगडत असतो. ताप नसतो, मार लागल्याचे कोणास आठवत नाही आणि तक्रार असते ती गुडघ्याची. खुब्याची वेदना मांडीत व गुडघ्यात जाणवते, हे विसरल्याने गुडघ्यावर लेप चालू राहतो आणि महिने निघून जातात. मुलास उताणे निजवून मांडी बाहेर फाकवून व आत वळवून पाहावी. दोन्ही बाजूंत फरक आढळल्यास दोन्ही खुब्यांची क्ष-किरण चित्रे काढावीत. आरंभी चित्र निर्दोष दिसू शकते. लंगडणे टिकल्यास ते पुन्हा काढावे. ताप असून मूल पाय टेकवीतच नसेल, तर सांध्यातील पू गृहीत धरून त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.

सुश्रुतसंहितेत कटिस्थ वायूने एक पाय विकल झाल्यास खंज व दोन्ही झाल्यास पंगु म्हटले आहे. लक्षण जुळले म्हणून संप्राप्तीही तीच मानू नये. १९१० च्या सुमारास लेग, काल्व्हे व पर्थेस यांनी वर्णिलेल्या व्याधीत ऊर्वस्थीच्या शीर्षाचा रक्तपुरवठा खंडित होऊन अस्थी मृत होते, तिचे तुकडे पडतात व पुढे काही वर्षांत ती पुन्हा घडते. सांध्यातील पू, झाडावरून पडून झालेला ऊर्वस्थीच्या मानेचा भंग, सिकलसेल किंवा निखळलेल्या खुब्यावरील उपचार यांनंतरही अस्थिनाश संभवतो.

मऊ झालेले शीर्ष उखळीत नीट बसलेले राहिले, तरच गोल घडते. सहा वर्षांच्या आत आरंभ झाल्यास बहुधा निरीक्षण, विश्रांती व व्यायाम पुरतात. आठ वर्षांनंतर आरंभ व शीर्षाची बाहेरील बाजू खचलेली असल्यास ऊर्वस्थी अथवा श्रोणीचे अस्थिछेदन करून शीर्ष उखळीत झाकले जाते. हे अस्थी पुन्हा घडू लागण्यापूर्वीच उपयोगी ठरते.

खरा प्रश्न पुढील वाढीचा आहे. शीर्षाखालील वृद्धीपट्टी दुखावल्यास मान आखूड राहते. बाजूचा ग्रेटर ट्रोकँटर मात्र वाढतच जातो. त्यामुळे नितंबातील स्नायूंचा ताण व तरफ कमी होते आणि मूल त्या पायावर उभे राहताच श्रोणी दुसऱ्या बाजूस कलते. साधारण आठ वर्षांपूर्वी ट्रोकँटरची वृद्धीपट्टी थांबविता येते. नंतर तेवढ्याने भागत नाही. ट्रोकँटर कापून खाली व बाहेर सरकवून स्क्रूने बसवावा लागतो. चपटे शीर्ष उखळीच्या कडेस अडत असल्यास ऊर्वस्थीची दिशा बदलणारे छेदन करतात. पायाच्या लांबीत ऊर्वस्थीच्या वरच्या वृद्धीपट्टीचा वाटा सुमारे १५ टक्केच असल्याने आखूडपणा बहुधा काही सेंटिमीटरचा असतो. वाढ संपताना तो दोन ते पाच सेंटिमीटर राहील असा अंदाज असल्यास निरोगी पायाच्या गुडघ्याजवळची वाढ योग्य वयात थांबवून पाय सारखे करतात.

यांतील प्रत्येक कर्मास काळाची मर्यादा आहे. ती पाळणे शल्यतज्ज्ञाच्या हाती नसून पहिल्या तपासणाऱ्याच्या हाती असते. जोराचे मर्दन वा सांधा ओढणे टाळावे. सौम्य अभ्यंगास हरकत नाही, परंतु त्यासाठी क्ष-किरण तपासणी लांबवू नये. शस्त्रकर्मानंतरही हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत मूल नियमित तपासणीस जाते की नाही, याची चौकशी गावातील वैद्यानेच करावयाची आहे. वेदना थांबली म्हणून पालक येणे बंद करतात. वाढ मात्र थांबलेली नसते.