डिंगीला जागा द्यायची कुठे?

36 फुटांची शिडाची नौका घ्या. नवरा-बायको दोघंच, महिनोन् महिने समुद्रावर राहायचा बेत. नांगर-साखळी, पाण्याच्या टाक्या, सोलर पॅनल, जादा शिडं, सगळ्याला कुठे ना कुठे जागा सापडते. डिंगीला सापडत नाही. नांगर टाकल्यावर किनाऱ्यावर जायची ही होडी दिसते लहान, पण 2.7 मीटर लांब आणि दीड मीटर रुंद असा ऐवज 11 मीटरच्या नौकेवर ठेवायचा म्हटलं की कुणाचा तरी रस्ता, कुठली तरी खिडकी, कसला तरी दोर तिच्याखाली जाणारच.

तिला वगळूनही भागत नाही. आपल्या कोकणातलंच बघा. जयगड असो की विजयदुर्ग, यॉट थेट धक्क्याला लावावी अशी सोय नाही. खाडीत नांगर टाकायचा आणि होडीने उतरायचं. मुंबईत गेटवेसमोर उभ्या असलेल्या यॉटींवरही लोक होडीनेच जातात-येतात. कॅरिबियन बेटांवर फिरणाऱ्यांचं तर भाजी, पाणी, डिझेल, कचरा, सगळं डिंगीतून चालतं. तिथे डिंगी म्हणजे घरची मोटारगाडी, असं लोक म्हणतात ते खोटं नाही.

आधी वजनं. तळाला फळ्या असलेली, घडी होणारी 2.4 मीटरची रबरी डिंगी 25 किलोच्या आसपास भरते. ॲल्युमिनियमचा कडक तळ आणि भोवती हवेच्या नळ्या अशी, जिला सगळे रिब म्हणतात, ती 2.7 मीटरची साधारण 40 किलो. तळ फायबरग्लासचा असेल तर आणखी जड. अडीच हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन 17-18 किलोचं, 15 हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक त्याच्या दुप्पट. 12 लिटर पेट्रोलचे नऊ किलो. हे सगळं एकत्र ठेवलं की शंभरी जवळ येते.

बहुतेक जण प्रश्न असा विचारतात: प्रवासात डिंगी कुठे राहील? माझ्या मते त्याआधी दुसरा प्रश्न विचारावा. ती पाण्यातून तिथपर्यंत चढवणार कोण, कशी, आणि वारा सुटलेल्या संध्याकाळी किती वेळात? याचं उत्तर अवघड असेल तर डिंगी एकतर वापरलीच जात नाही, किंवा नको तेव्हा पाण्यात राहते.

हा प्रश्न जुना आहे. 1895 ते 1898 या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या जोशुआ स्लोकमची ‘स्प्रे’ 36 फूट 9 इंचांची होती, म्हणजे आपल्या उदाहरणातल्या नौकेएवढीच. डेकवर अख्खी होडी मावेना. त्याने एक टाकून दिलेली डोरी, म्हणजे सपाट तळाची होडी, घेतली, मधोमध आडवी कापली आणि कापलेल्या तोंडाला फळ्या ठोकल्या. ही अर्धी होडी तो शिडाच्या दोराने एकटा वर घेई आणि खाली सोडी. कपडे धुवायला आणि अंघोळीलाही तीच. अर्ध्या होडीची किंमतही त्याने मोजली. उरुग्वेच्या किनाऱ्यावर स्प्रे वाळूत रुतली, तेव्हा नांगर दूर नेऊन टाकायला तो हीच घेऊन निघाला आणि ती उलटली. स्लोकमला पोहता येत नव्हतं. तो वाचला, नौकाही वाचली. पण डेकवर मावण्यासाठी होडी आखूड केली की तिचा पाण्यातला तोल कमी होतो, हा सौदा आजही तसाच आहे.

सर्वांत सोपी रीत ओढत नेण्याची. एका खाडीतून पुढच्या खाडीत, दिवसाउजेडी, वारा दहा-बारा नॉट असताना मीही तेच करीन. मात्र इंजिन, वल्ही, टाकी आधी नौकेवर घ्यायची. दोर पाण्यावर तरंगणारा हवा, नाहीतर वेग कमी केला की तो बुडून पंख्यात अडकतो. त्याची लांबी अशी ठेवायची की नौकेने उठवलेल्या लाटेच्या उतारावर डिंगी नाक वर करून बसेल. बंदरात शिरताना दोर आखडून घ्यायचा. वारा विशीपुढे गेला की रिकामी डिंगी पतंगासारखी उलटते, मागून लाट आली की घसरत येऊन नौकेच्या पाठीवर आदळते. पाण्याने भरली तर तिला ओढणारी कडीच उपटून निघते. रात्रीच्या किंवा खुल्या समुद्रातल्या प्रवासाला ही रीत नाही, यावर दर्यावर्दी लोकांत फारसा वाद नाही.

वाद आहे तो डेव्हिटवर. डेव्हिट म्हणजे नौकेच्या मागच्या बाजूला बाहेर आलेले दोन मजबूत दांडे, त्यांना कप्प्या. दोर ओढले की डिंगी आडवी वर येते. दोन मिनिटांचं काम, एकट्याने होतं, डेक मोकळा राहतो. वरच्या कमानीवर सोलर पॅनल बसतात ते वेगळंच. रोज संध्याकाळी डिंगी पाण्याबाहेर असल्याने तळाला शेवाळ आणि कालवं धरत नाहीत, आणि कॅरिबियनसारख्या ठिकाणी, जिथे रात्रीतून डिंगी-इंजिन पळवलं जातं, तिथे झोप नीट लागते.

मग हरकत कसली? एक तर वजन कुठे आहे ते पाहा. सत्तर-ऐंशी किलो नौकेच्या मध्यापासून सहा-सात मीटर मागे, तेही पाण्यापासून उंच. लाटेवर नौकेचं नाक खाली-वर होताना त्या वजनाचा हेलकावा पूर्ण जाणवतो. 50 फुटी नौकेला ते सोसतं, 36 फुटीला कमी. दुसरं, पाणी. डिंगीची आतली जागा दोन मीटर लांब, 80 सेंटिमीटर रुंद, 30 सेंटिमीटर खोल धरा. मोठी लाट मागून येऊन ती काठोकाठ भरली की 480 लिटर, म्हणजे जवळजवळ अर्धा टन पाणी त्या दोन दांड्यांवर लटकतं. पाणी काढायचं तळाचं बूच उघडं ठेवलेलं असलं तरी ते भोक असतं बोटाएवढं. पाणी निथळेपर्यंत दांड्यांनी आणि त्यांच्या बोल्टांनी दम धरायचा. तिसरं, वाऱ्यावर चालणारं स्वयंचलित सुकाणू नौकेच्या पाठीवरच बसतं. लांबच्या प्रवासाला निघालेल्या दोघांसाठी ते तिसऱ्या खलाशासारखं काम करतं, आणि डेव्हिटवरची डिंगी नेमकी त्याच्या आड येते. शिवाय मागचा पांढरा दिवा 135 अंशांत दिसला पाहिजे असा समुद्रातल्या वाहतुकीचा नियम आहे. तो डिंगीमागे झाकला जात असेल तर दिवा डेव्हिटवर हलवावा लागतो. भूमध्य समुद्रात धक्क्याला पाठ करून नौका बांधायची पद्धत आहे. तिथे दर वेळी डिंगी आधी उतरवल्याशिवाय फळी टाकून पायउतार होता येत नाही.

कॅटमरानला यातलं बरंच लागू नाही. दोन धडांमध्ये, पाण्यापासून उंच, रुंद जागा आयती मिळते. कॅटमरानवाल्यांनी डेव्हिट लावावेत आणि हा लेख पुढे वाचायची तसदी घेऊ नये.

एकधडी लहान नौकेला खुल्या समुद्रात डिंगी डेकवरच हवी, उलटी घातलेली आणि घट्ट बांधलेली. जागा दोनच: डोलकाठीच्या पुढे, किंवा मागे केबिनच्या छपरावर. छपरावरची जागा उत्तम, कारण वजन नौकेच्या मध्याजवळ राहतं आणि पुढून येणाऱ्या लाटेचा मार बसत नाही. पण तिथे बूमला, म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांड्याला, खाली ओढून धरणारा व्हँग आडवा येतो, आणि उरलेल्या लांबीत 36 फुटीवर सहसा आठ फुटांचीच डिंगी बसते. लिन आणि लॅरी पार्डी या दर्यावर्दी जोडप्याच्या 29 फुटी ‘टालेसिन’वर अशीच आठ फुटी कडक डिंगी होती. डोलकाठीच्या पुढे लांबी जास्त मिळते, पण तिथे नांगराचं यंत्र असतं, पुढच्या केबिनची हॅच असते. उष्ण देशांत ती हॅच झाकली की आत झोपणं कठीण, आणि आगीच्या वेळी बाहेर पडायची वाटही तीच.

आता चढवण्याचं काम. पहिल्यांदा इंजिन काढायचं. ते डिंगीवर ठेवून एकदमच उचलावं असा मोह होतो, पण वजन एका टोकाला गेलं की डिंगी तिरकी लटकते. मागच्या कठड्यावर फळी बसवलेली असते. छोट्या कप्पीने इंजिन त्या फळीवर जातं. मग वल्ही, टाकी, बसायची फळी. डिंगीच्या नाळेची एक कडी आणि मागच्या फळीच्या दोन, अशा तिघींतून दोर येऊन वर एका कडीत मिळतात. दोर असे बेतलेले की मागची बाजू किंचित खाली राहील आणि साचलेलं पाणी बुचाच्या भोकातून वाटेतच गळून जाईल. वरच्या कडीत हॅलयार्ड, म्हणजे शीड चढवायचा दोर, अडकवायचा. एक जण विंचवर, दुसरा कठड्याशी, हातात डिंगीच्या नाळेचा दोर.

40 किलो विंचला काहीच नाही. खरं काम आहे लटकलेल्या डिंगीला आपटू न देण्याचं. नौका डिंगीच्या बाजूला कलली की डिंगी बाहेर झुलते, परत फिरली की धाडकन अंगावर येते. म्हणून बाजूला फेंडर, म्हणजे धक्का झेलणारे फुगे, लावून ठेवायचे. कठडा 60 सेंटिमीटर उंच, म्हणजे डिंगीचा तळ डेकपासून पाऊण मीटर तरी वर हवा. तेवढी उंची झाली की घाई करायची नाही. नौका पलीकडे कलेपर्यंत थांबायचं. हॅलयार्ड डोलकाठीच्या टोकावरून येत असल्यामुळे डिंगी त्या क्षणी आपणहून आत येते. दोन हात लावून ती कठड्यावरून घ्यायची. मग दोर काढून एकाच कडेच्या हँडलला हॅलयार्ड लावायचा आणि ती कड उचलायची. डिंगी अंगावर उभी राहते, नंतर हळूच पालथी. सरावलेल्या दोघांना पंधरा-वीस मिनिटं लागतात. नांगरावर असताना रात्री तीच तीन दोरांची जोडणी वापरून डिंगी नौकेच्या अंगाला लटकवून ठेवायची. चोरापासूनही सुटका, शेवाळापासूनही.

बांधताना एक गोष्ट विसरू नये: दोर झटकन सुटले पाहिजेत. 1972 मध्ये गालापागोसजवळ देवमाशांच्या धडकेने ‘लुसेट’ ही शिडाची नौका बुडाली, तेव्हा डगल रॉबर्टसनचं कुटुंब आणि एक सोबती असे सहा जण लाइफराफ्टवर उतरले. राफ्टने सतरा दिवसांत दम तोडला. पुढचे दिवस त्यांनी ‘एडनामेअर’ या नऊ फुटी डिंगीत काढले, आणि 38व्या दिवशी जपानी मासेमारी जहाजाने त्यांना उचललं. एडनामेअर आज फालमथच्या नॅशनल मेरीटाइम म्युझियम कॉर्नवॉलमध्ये आहे. डिंगी राफ्टची जागा घेत नाही, पण गाठी सोडवता न आल्यामुळे ती नौकेबरोबर बुडू नये. खटक्याचे पट्टे वापरा, आणि सुरी हाताशी ठेवा.

हवा काढून गुंडाळायची डिंगीही आहेच. लॉकरमध्ये मावते, स्वस्त असते, आणि दर मुक्कामाला पंप मारायचा कंटाळा आला की लॉकरमध्येच राहते. दोन तुकड्यांत सुटून एकात एक बसणारी प्लायवुडची डिंगी मला जास्त आवडते. अर्ध्या जागेत अख्खी होडी, वल्हवायला हलकी; स्लोकमला ती मिळाली असती तर त्याने करवत हातात घेतली नसती. जोडणी नौकेच्या डेकवर करायची, बोल्ट चार-सहाच असतात.

म्हणून दुकानात जाण्याआधी मोजपट्टी घेऊन नौकेवर जा. डोलकाठीपासून नांगराच्या यंत्रापर्यंत किती, डोलकाठीपासून स्प्रेहूडपर्यंत, म्हणजे केबिनच्या दारावरच्या कापडी आडोशापर्यंत, किती, व्हँग कुठे येतो, सगळं लिहून घ्या. मग 2.4, 2.7 आणि 3 मीटर अशा मापांच्या डिंग्यांचा आकार दोराने डेकवर आखा आणि आखलेल्याच्या भोवतीने नांगर टाकून, काढून बघा. नांगराच्या यंत्राचा दांडा फिरतो का? हॅच निदान बोटभर उघडते का? सुकाणूपाशी बसल्यावर पुढचं पाणी दिसतं का? जी मोठ्यात मोठी डिंगी या सगळ्यातून पास होईल तिचं माप धरा, आणि इंजिन त्याच्या हिशेबाने घ्या. सुकाणूपाशी बसणाऱ्याची उंची पाच फूट असेल तर त्याच व्यक्तीला बसवून बघायचं, दुसऱ्या कुणाला नाही.