लोकअदालतीत सही करण्यापूर्वी

राष्ट्रीय लोकअदालतीची तारीख जवळ आली की कर्ज थकलेल्या घरांत नोटिसा येऊ लागतात. मोमिनपुरा असो की हसनबाग, कागदावर विधी सेवा प्राधिकरणाचे नाव दिसले की घरातल्यांना धडकी भरते. खरे तर पुष्कळदा खटला दाखलही झालेला नसतो. बँकेने तो दाखल करण्यापूर्वीच प्रकरण तडजोडीसाठी ठेवलेले असते. म्हणून जरूर जावे. न जाण्यात तोटा आहे, कारण पुढे दावा दाखल झाला आणि समन्स येऊनही हजर राहिले नाही, तर एकतर्फी हुकूमनामा होतो. त्याच्या अंमलबजावणीसाठी बँकेला 12 वर्षांची मुदत असते.

पण आम्हाला सांगायचे आहे ते सही करण्याच्या क्षणाविषयी. समजा, ऑटोच्या कर्जाचे 60 हजार थकले आहेत. सिव्हिल लाइन्सच्या न्यायालयात बँकेचा माणूस म्हणतो, ‘40 हजारांत मिटवा.’ घरचे सुटकेचा श्वास सोडतात. दोन वर्षांनी मुलीच्या शिक्षणासाठी वडील सहकर्जदार म्हणून अर्ज करतात आणि बँक नाही म्हणते. न्यायालयात तर सगळे मिटले होते!

न्यायालयात मिटले, सिबिलमध्ये नाही. सिबिलसारख्या कंपन्यांकडे न्यायालय काही कळवत नाही, कळवते ती कर्ज देणारी बँक. पूर्ण रक्कम भरली तर ‘क्लोज्ड’, सूट घेऊन मिटवले तर ‘सेटल्ड’ अशी नोंद होते. दुसरी नोंद पाहून पुढची बँक हात आखडता घेते. ‘राइट ऑफ’ म्हणजे कर्जमाफी, हाही एक गोड गैरसमज आहे. बँकेने आपल्या हिशेबापुरती ती रक्कम बाजूला काढलेली असते, वसुलीचा हक्क तसाच राहतो. जामीनदाराच्या अहवालातही हे कर्ज दिसते, म्हणून मेहुण्यासाठी केलेली सही हलकी समजू नये.

तेव्हा सहीपूर्वी विचारा: नोंद काय पाठवणार? सुटीची रक्कम नंतर भरली तर ‘क्लोज्ड’ करून द्याल का? उत्तर लेखी घ्या. हप्ते झेपतील एवढेच कबूल करा, कारण लोकअदालतीचा निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. पैसे भरल्यावर ‘नो ड्यूज’ प्रमाणपत्र घ्या. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो, तो काढून पाहा. चूक दिसली तर तक्रार करा. 30 दिवसांत निवारण झाले नाही, तर दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे.

व्याजाच्या व्यवहाराबद्दल आमचे मत वाचकांना ठाऊक आहे. पण अडकलेल्या माणसाला तेवढेच ऐकवून काय उपयोग? सूरह बकरात कर्ज लिहून ठेवण्याचा आदेश आहे, तसाच अडचणीतल्या कर्जदाराला मुदत देण्याचाही. जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जबाजारीही आहेत. वरच्या उदाहरणातले मधले 20 हजार मोहल्ल्याच्या जकात फंडातून भरता आले, तर त्या मुलीचा अर्ज वाचू शकतो. त्यात मुद्दल किती, व्याज किती आणि जकात कशाला चालते, हे उलेमांना विचारून ठरवावे.

भगिनींनी आणखी एक ध्यानात ठेवावे. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. नोटीस घेऊन आधी तिथे जावे, बँकेच्या माणसाशी बोलणे त्यानंतर.